वस्त्रगाळ राख

लातूर, १२ ऑक्टोबर १९८२

बुरशी आजही फुटली नाही.

एवढं एक वाक्य लिहून वही मिटावी असं वाटलं. पण मग वही आणलीच कशाला? पंचशीला म्हणाली, "शिवगंगा, रोज माझं डोकं खाण्यापेक्षा लिहून काढत जा कुठंतरी." ती आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, मी वनस्पतिशास्त्र. आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एक भिंत आहे आणि भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीतून ती मला चहा देते आणि मी तिला रडगाणं.

रडगाणं असं. ज्वारीवर खडखड्या नावाचा रोग पडतो. पाऊस हटला, जमीन तापली की ताटाच्या बुडात बुरशी शिरते, आतला गाभा खाते, आणि उभं ताट वाऱ्यावर खडखड वाजायला लागतं. या बुरशीला दुष्काळ एवढा का मानवतो, ती पेशीच्या आत असं कोणतं एन्झाइम बनवते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. एन्झाइम पेशीच्या आत, पेशीभोवती भिंत, आणि भिंत फुटत नाही. वाळू घालून खलात घोटून झालं. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, मीठ घालून कुल्फीवाल्यासारखी बुरशी गोठवली, वितळवली, पुन्हा गोठवली. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर तंतू आपले दुपारचं जेवण झाल्यासारखे आडवे पडलेले, एकाला ओरखडा नाही.

नोंदणीची मुदत फेब्रुवारीअखेर संपते. एकदा वाढवून घेतली, आता मिळणार नाही. माझे गाईड गुरुपादप्पा सर नांदेडला असतात. ते म्हणतात, "पेशी फोडायची एक रीत दाखवा, जी तीनदा केली तर तीनदा चालेल. पुढचं माझ्याकडे लागलं." सहा वर्षं मी या एका गोष्टीला दिली आहेत. ती गेली तर माझ्याकडे दुसरं काही ठेवलेलं नाही.

१९ ऑक्टोबर

ऑगस्टात आमचा जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून कॉलेजात पेढे वाटले होते. आता गावभर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्यात, रंगाचा वास अजून जात नाही. पाणी मात्र आलं नाही. पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. टँकर आला की आधी साहेबांच्या क्वार्टरांकडे वळतो.

कॉलेजचा नळ कोरडा पडला. आजपासून काचेचं सगळं सामान आणि खल धुवायला घरी न्यायचा. शुद्ध पाणीही घरीच करायचं. स्टोव्हवर चंबू ठेवायचा, वाफ काचेच्या लांब नळीतून जाते, नळीभोवती थंड पाणी फिरवत ठेवायचं, म्हणजे वाफेचं पाणी होऊन थेंबथेंब पडतं. तांब्याभर शुद्ध पाण्यासाठी थंड पाण्याच्या बादल्यांवर बादल्या जातात. त्यासाठी स्वयंपाकघरात वेगळा पिंप ठेवलाय. नळाच्या स्वच्छ पाण्याचा. त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम केला आहे. घरात मी एकटीच, त्यामुळे नियम मोडायलाही कुणी नाही.

३ नोव्हेंबर

नियम मोडणारी आली. भाऊ सिद्धेश्वर अव्वाला, आमच्या आईला, उदगीरहून घेऊन आला. त्यांच्या विहिरीचा तळ दिसायला लागलाय, आणि "तुझ्याकडं जिल्ह्याच्या गावाला नळ तरी हाय," असं तो म्हणाला. मी हसले. अव्वाने एक ट्रंक आणली, एक पोतं गोवऱ्या आणि एक पत्र्याचा डबा.

"पोतंभर गोवऱ्या कशाला ग अव्वा? मी स्टोव्ह वापरते."

"इभूती करायला. तुमच्या बाजारातल्या इभूतीत चुना असतोय."

वडील, आमचे अण्णा, गेल्यापासून विभूती घरचीच करते ती. गोवऱ्या जाळायच्या, राख धोतराच्या पानातून वस्त्रगाळ करायची, पाण्यात मळून गोळे वळायचे. सकाळी अंघोळ, मग गळ्यातल्या करडगीतून, चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, आणि तीर्थ घेतल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. माझं लिंग कपाटात आहे. ती त्याबद्दल काही बोलत नाही, फक्त कपाटाकडे बघते.

पिंपाचा नियम सांगितला. म्हणाली, "आपल्यात सोवळं न्हाई न् ओवळं न्हाई. पर तुझ्या काचंला लई सोवळं हाय बाई."

११ नोव्हेंबर

परदेशात बुरशी फोडायला काचेचे बारीक मणी वापरतात. बुरशी आणि मणी बाटलीत भरून जोरात हलवायची. तसले मणी मागवायचे तर ते माझ्या श्राद्धालाच पोचतील. म्हणून गंजगोलाईत कासाराकडे गेले आणि पोतीचे काळे मणी मागितले, सगळ्यांत बारीक. कासार खूश झाला. "लग्न कवा हाय ताई?" म्हणाला. मी म्हटलं, फेब्रुवारीच्या आत.

१३ नोव्हेंबर

सकाळी मणी सापडेनात. देवळीत बघितलं तर अव्वाने ते धुऊन, दोऱ्यात ओवून, हळद लावून ठेवलेले. पुडी सुटली म्हणून ओवले असतील असं समजून मी वैतागत दोरा कापला आणि बाटलीत भरले.

ती बघत होती. मग हळूच म्हणाली, "आपल्यातलाच हाय का?"

"कोण?"

"न्हाई. कुणी न्हाई."

बसस्टँडपर्यंत गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परत फिरावं असं वाटलं, पण तास होता. दिवसभर वाईट वाटत राहिलं. बाटली हलवून हलवून खांदा भरून आला, मण्यांचा काळा रंग सुटला, बुरशीला काही झालं नाही.

२५ नोव्हेंबर

एका जुन्या लेखात गोगलगायीच्या पोटातल्या रसाने बुरशीची भिंत विरघळते असं आहे. पंचशीला म्हणाली, "गोगलगाय न् पोटात पाय ऐकलं होतं, पोटात औषध हाय हे माहीत नव्हतं." दोघी हसलो. पण या दुष्काळात गोगलगाय कुठली? ती जमिनीत तोंड खुपसून बसली असेल. शहाणी आहे. आणि मिळाली असती तरी अव्वाच्या घरात पोट फाडून रस काढायचा? मुंगीला साखर घालणारी बाई ती.

खूप थकायला होतं. मुलींना पेशीभित्तिका शिकवताना मध्येच थांबले. एका मुलीने विचारलं, बाई, बरं नाही का?

९ डिसेंबर

नळ आता चार-पाच दिवसांआड येतो, तोही करंगळीएवढा. शेजारच्या केवळाबाई आणि अव्वा पहाटेपासून रांगेत घागरी लावतात. नवल म्हणजे माझा पिंप उतरत नाही. नगरपालिकेची कृपा म्हणायची.

काचसामानही अव्वाच धुते हल्ली. मी नको म्हटलं होतं, पण संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. सकाळी बघावं तर सगळं ओळीने पालथं घातलेलं. तिचं वय मात्र दिसायला लागलंय. पूर्वी तिची पूजा तासभर चालायची, आता चटकन आटोपते. केसांना तेल नाही. तेच लुगडं दोन-दोन, तीन-तीन दिवस. भस्म मात्र जास्तच फासते, कपाळ, दंड, गळा, सगळं पांढरं. मी म्हटलं, "अव्वा, अंघोळीचा कंटाळा करू नये." ती म्हणाली, "थंडी लई हाय ग." थंडी कुठे आहे?

६ जानेवारी १९८३

बुरशी फुटली.

काही वेगळं केलं नव्हतं. वाळूही संपली होती म्हणून नुसतीच बर्फावर खल ठेवून घोटली, हरल्यासारखी. रस करडा आला. बुरशीच काळी, त्यामुळे त्यात विशेष काही वाटलं नाही. सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवला, गाळ खाली बसला, वरचं निवळ घेतलं, एन्झाइमची चाचणी लावली, एन्झाइम असेल तेवढा रंग गडद होतो. कलरीमीटरचा काटा असा हलला की मी यंत्राला चापट मारून बघितली. मग सूक्ष्मदर्शक. तंतू फुटलेले, आतून रिकामे, सोललेल्या हरभऱ्याची टरफलं पडावीत तसे.

खिडकीतून पंचशीलाला हाक मारली. तिने बघितलं आणि पहिलंच विचारलं, "का फुटली?"

मी म्हटलं, "फुटली ना?"

"ते ठीक हाय. पण का?"

तिच्यावर राग आला. माणसाला एक दिवस तरी आनंद होऊ द्यावा.

घरी येऊन अव्वाला सांगितलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण गुळाचा खडा हातावर ठेवला. म्हणाली, "माझ्या हाताला गुण आला मनायचं." मी म्हटलं, "हाव, तुझ्याच."

१५ जानेवारी

तीनदा केलं, तीनदा चाललं. काल संक्रांत होती, मी तीळगूळ विसरून प्रयोगशाळेतच. आमच्या खलाच्या तळाच्या चरांमध्ये करडेपणा आलाय, पोर्सिलीन जुनं झालं. पण हात बसला आहे त्यावर. सरांना कळवलं. ते म्हणाले, या, माझ्यासमोर करा.

नांदेड, २० जानेवारी

थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बुरशी, मांडीवर थर्मास, असा अहमदपूर-लोहा करत एस.टी.चा प्रवास. रस्त्याकडेची रब्बी ज्वारी बोटभर कणसं धरून उभी. एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा ती वाजताना ऐकू आली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "पाऊस न्हाई तर न्हाई, हा रोग आन् कशाला?" तेच मी शोधतेय असं तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

सरांची प्रयोगशाळा स्वच्छ, खल नवा, दुधासारखा. माझा खल आणलाच नव्हता, जड होतो. घोटलं. सगळं तसंच. काटा हलला नाही. पुन्हा घोटलं, मनगट सुजेपर्यंत. पुन्हा नाही.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत राहिले. कपाळावर त्यांच्याही तीन बोटं भस्म. मग म्हणाले, "शिवगंगाबाई, तुमचे आकडे सुंदर होते. मला सुंदर आकड्यांची भीती वाटते."

"सर, मी आकडे बनवले नाहीत."

"मी तसं म्हणालो नाही. पण माझ्या टेबलावर जे होत नाही त्यावर मी सही कशी करू?"

म्हणाले नाहीत, पण तेच म्हणाले.

लातूर, २१ जानेवारी

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

दुपारी घरी पोचले. पिशवी टाकली आणि आधी खल उचलला. तळावरून बोट फिरवलं. बोट करडं झालं.

"अव्वा, हे काय?"

"राख हाय. राखंनं घासून फडक्यानं पुसते."

"धूत नाहीस?"

तिने नुसती मान हलवली. मग माझा तोल सुटला. राखेने खोटे आकडे आले, सरांनी मला खोटारडी ठरवलं, सहा वर्षांची माती केलीस, उदगीरला होतीस ती बरी होतीस. एवढं सगळं मी बोलले. केवळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

अव्वा म्हणाली, "मला काय ठाव बाई." एवढंच. मग तिने खल पदराखाली घेतला, जणू मी तो फोडणार होते.

२७ जानेवारी

खल आता आरशासारखा असतो. बोट फिरवलं तर किंचाळतो. आणि बुरशी पूर्वीसारखी आडवी पडून असते. चार वेळा केलं. म्हणजे माझं बरोबर होतं, काटा राखेमुळेच हलत होता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले ते फुटके तंतू जुन्या, मेलेल्या बुरशीचे असतील. पंचशीला म्हणाली, "मग नुसती राख टाकून बघ की. बुरशी नको, फक्त राख. काटा हलला तर तुझं खरं."

"बघून काय करू? आकडे खोटे ते खोटे."

"शिवगंगा, तू मुलींना काय शिकवतेस? अन् स्वतः काय करून राहिलीस?"

तिला म्हटलं, थकले ग मी. खरंच थकले. सरांना भेटून नोंदणी सोडते म्हणून सांगायचं ठरवलं आहे. वाटलं होतं रडू येईल, पण फक्त झोप येते. अव्वा माझ्याशी जेवायला ये यापलीकडे बोलत नाही. पिंप आज पहिल्यांदाच अर्धा दिसला.

२ फेब्रुवारी

तास चालू असताना केवळाबाईंचा निरोप आला. अव्वा नळाच्या रांगेत चक्कर येऊन पडली होती.

डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, पाणी पाजा. मी म्हटलं, पाणी पीत नाहीस का ग? ती डोळे मिटून पडलेली. उत्तर केवळाबाईंनी दिलं. उंबऱ्यावर बसून, माझ्याकडे न बघता.

"कुठलं पिती? दोन महिने झाले, तिनं अंगावर पाणी घेतलं न्हाई. तिच्या अंघोळीची घागर तुमच्या त्या पिंपात जाती. म्या इचारलं, अंघोळ न्हाई तर पूजा कशी चालती? तर मनली, आमच्यात भस्माची बी अंघोळ असती. बोटभर पाणी लिंगाला घालती न् तेवढंच तीर्थ मनून पिती. पिंपाला तुम्ही हात लावू देत न्हाई, मनून ते भांडं तुमचं राखंनं घासायची. अन् तुम्ही वरडल्यापासून दिवसातून चारदा पाण्यानं धुती. ते पाणी कुठलं? तिच्या पिण्यातलं."

नगरपालिकेची कृपा, असं मीच या वहीत लिहिलंय. मागे जाऊन वाचलं. अंघोळीचा कंटाळा करू नये, असं मी तिला म्हटलं होतं.

पिंप उघडला आणि त्यातलं पाणी तांब्याने तिला पाजलं. ती म्हणाली, "ते तुझ्या काचेचं हाय." मी तोंड फिरवून रडले. आईला एवढं कळतं आणि आपल्याला इतकं कमी, याचा मला मनापासून राग आला, माझाच.

४ फेब्रुवारी

पंचशीला अव्वाला बघायला आली. उठताना तिने स्टोव्हशेजारी ठेवलेला खल बघितला. "स्टोव्हला राख कुठली? भाकरीची चूल कुठंय?" केवळाबाईंकडे चूल आहे. त्यांच्याकडून वाटीभर राख घेऊन ती मला जवळजवळ ओढतच कॉलेजात घेऊन गेली.

आधी नुसती राख. बुरशी नाही. काटा जागचा हलला नाही.

राख काटा हलवत नाही. मग माझे आकडे खोटे नव्हते. मग राख बुरशी फोडत होती, वाळूला जमलं नाही ते करत होती. मी स्टुलावर बसले.

मग राख आणि बुरशी एकत्र घोटली. काटा किंचित हलला, नेहमीच्या वाळूइतका. बस्स. खलाला ओरखडे मात्र पडले. आशा दाखवून काढून घेतली की जास्त लागते.

५ फेब्रुवारी

सकाळी अव्वा उठून बसली. मी राखेची वाटी परत द्यायला निघाले होते. तिने विचारलं, "ही कुठली?"

"केवळाबाईंच्या चुलीची. हिनेच घासायचीस ना?"

"चुलीची राख तुझ्या कामाला लावू व्हय मी?" तिला खरंच राग आला होता, कितीतरी दिवसांनी. "खरकट्याची राख ती. खडे असत्यात त्यात." तिने ट्रंकेमागचा तो पत्र्याचा डबा काढायला लावला. आत राख, पिठीसारखी, बोटांना जाणवतसुद्धा नाही अशी. विभूतीची. मळायला पाणी नाही म्हणून गोळे न वळता तशीच ठेवलेली वस्त्रगाळ राख.

"लिंगाला लावते ती तुझ्या भांड्याला लावली. माझं चुकलं आसंल."

वाळू जाड होती, चुलीची राख जाड होती. बुरशीचा तंतू इतका बारीक की जाड कणांच्या सांदीत सुखाने लपून बसतो. ही राख तितकीच बारीक. एवढी साधी गोष्ट. मी तिला म्हटलं, "अव्वा, आज खल तू घास. पूर्वी घासायचीस तसाच."

तिने हात मागे घेतले. "न्हाई बाई. पुन्ना माझ्या हातानं न्हाई."

"मी चुकीचं बोलले ग."

"तू बोललीस ते बोललीस. माझ्यामुळं तुझं बिघडलं तर मी कुठं तोंड दाखवू?"

खूप वेळ मनधरणी केली. शेवटी मी खल तिच्या मांडीवर ठेवला, डबा शेजारी, आणि तिचे पाय धरले. तिने चिमूट घेतली. सवयीने आधी कपाळाकडे नेली, मग खलात टाकली.

सोमवार, ७ फेब्रुवारी

नुसती वस्त्रगाळ राख, काटा शून्यावर. राख आणि बुरशी, काटा जानेवारीच्या जागी. तीनदा. पंचशीलाने स्वतः घोटलं, तिच्या हातालाही जमलं. ती म्हणाली, "आता का फुटली ते माहीत हाय. आता पेढे." मी तिला म्हटलं, तू भेटली नसतीस तर मी सोडून दिलं होतं. ती म्हणाली, ठाव हाय.

नांदेड, ९ फेब्रुवारी

सरांना मी खल दिला नाही. त्यांचाच दुधासारखा खल, त्यांचाच हात, फक्त डब्यातली राख माझी. मी लांब खिडकीशी उभी राहिले, हात मागे बांधून. सरांनी घोटलं, धोतराचा सोगा सावरत. काटा हलला. त्यांनी पुन्हा केलं. मग राखेची चिमूट बोटांत चोळली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"ही विभूती आहे."

"हो सर. आईची."

त्यांनी ती चिमूट सांडू न देता डब्यात परत टाकली. त्यांना अपमान वाटला की काय, मला कळेना. मग म्हणाले, "प्रबंधात काय लिहाल?"

"गोवरीची राख, वस्त्रगाळ."

"कापड कोणतं तेही लिहा. दुसऱ्याला करता आलं पाहिजे." आणि पुढे पाठवायच्या कागदावर सही केली. दारापर्यंत सोडायला आले. "त्या दिवशी मी जे म्हणालो..." एवढं बोलून थांबले. मी म्हटलं, सर, त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. टेबलावर झालं नव्हतं.

बसमध्ये आनंद होईल असं वाटलं होतं. झोपले. लोह्याच्या पुढे जाग आली तेव्हा डबा मांडीवर घट्ट धरलेला होता.

लातूर, ११ फेब्रुवारी, महाशिवरात्र

पहाटे नळ आला. रांगेत मी उभी राहिले, अव्वाला घरी बसवून. दोन घागरी मिळाल्या. केवळाबाई म्हणाल्या, "मॅडम आज नळावर?" आणि मला पुढे सरकू दिलं.

प्रबंधासाठी अजून बरंच शुद्ध पाणी लागणार आहे. पिंपात काही नव्हतं. अव्वा म्हणाली, "वत पिंपात. मी भस्म लावते."

मी दोन्ही घागरी न्हाणीत नेल्या. तिला पाटावर बसवलं. ती नको नको म्हणत होती, पाणी अंगावर पडल्यावर गप्प झाली. पाठीवरून हात फिरवला तर भस्माचे थर बोटांना लागत होते, तेच बारीक. दोन महिन्यांची राख करडी होऊन पाटाखाली गेली. मोरीचं भोक मी फडक्याने बुजवलं होतं आणि साचलेलं पाणी घमेल्यात भरून घेत होते, कारण घागर उचलताना मला एक गोष्ट सुचली होती. नळीभोवती फिरणारं पाणी वाफेला शिवत नाही. मध्ये काच असते. त्याला फक्त थंड असावं लागतं, स्वच्छ नाही. ऑक्टोबरपासून मी ही नळी रोज हाताने जोडते आहे.

अव्वाने कोरडं लुगडं नेसलं, करडगी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि त्यावर भरभरून पाणी घातलं. थोडं मला दिलं. मी प्यायले. मग न विचारता उठून कपाटातून माझी करडगी आणली. ती जागा करून थोडी सरकली.

आता दुपार आहे. स्टोव्ह चालू आहे, पाणी थेंबथेंब पडतंय. नळीभोवती अव्वाच्या अंघोळीचं पाणी फिरतंय. ती शेजारी बसून बघते आहे आणि मघापासून तिसऱ्यांदा विचारते आहे, "चालतंय नं ग? माझ्या अंगावरलं हाय ते."

चालतंय अव्वा.